ऐंशी ठोकळ्यांची मोजदाद

रविवारी सकाळी साडेनऊला मोजदादकाका स्वतःच्याच घरात चोरासारखी झडती घेत होते. उशीचा अभ्रा उलटा करून झाला, रेडिओच्या मागे हात घालून झाला, जुन्या बुटांत बोटं घालून झाली. शेवटी पलंगाखाली टॉर्च मारला, तेव्हा गेल्या वर्षी हरवलेली कानटोपी सापडली. कागद मात्र सापडला नाही.

"ठेवलास कुठे, गाढवा?" त्यांनी स्वतःलाच खडसावलं. गाढवाने उत्तर दिलं नाही.

कागद साधासुधा नव्हता. शनिवारी दुपारी दोन तास बसून, पट्टीने रेघा मारून, त्यांनी त्यावर शब्द जुळवायच्या खेळातले ऐंशीच्या ऐंशी ठोकळे उतरवले होते. कोणतं अक्षर, किती नग, आणि पुढे खूण करायला रिकामा रकाना. मग तो कुणाच्या हाती लागू नये म्हणून एका जागी लपवला. ती जागा फार उघड वाटली, म्हणून दुसऱ्या जागी. तिसरी जागा तर अशी अफलातून सुचली, की काकांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. ही जागा जगात कुणाला सापडणार नाही, असं ते म्हणाले होते. आता जगात तेही आले. साडेदहाला लेक आणि जावई येणार होते, अकराला मास्तर, आणि त्यानंतर दोन तासांत ठरणार होतं की काका या घरात राहणार की नाही.

काकांची सगळी हयात बसडेपोच्या स्टोअरमध्ये गेली. एकतीस वर्षं. नट, बोल्ट, वायसर, ब्रेकचे पट्टे, आरशांच्या काचा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. निवृत्तीच्या दिवशी माल नव्या माणसाच्या ताब्यात देताना सगळी मोजदाद तंतोतंत जुळली, फक्त एक वायसर जास्त भरला. साहेब म्हणाले, "जास्तच आहे ना? सोडा हो!" काकांनी सोडलं नाही. निरोपाचं भाषण पाऊण तास खोळंबून राहिलं. शेवटी तो वायसर साहेबांच्याच पेपरवेटचा निघाला, तेव्हा कुठे काका खुर्चीवर बसले. त्या दिवसापासून सगळं गाव त्यांना मोजदाद म्हणू लागलं, आणि काकांना ते नाव एखाद्या पदवीसारखं वाटे.

निवृत्तीनंतर त्यांना दोनच गोष्टी राहिल्या. एक हे दोन खोल्यांचं घर, आणि दुसरी रविवारचा डाव. डाव मास्तरांशी. मास्तर शाळेत भाषा शिकवत. शब्दांचा त्यांच्याकडे नुसता धबधबा. ठोकळे डेपोतल्या सुताराने बसच्या मोडक्या बाकाच्या फळीतून कापून दिलेले. ठोकळ्यावर फक्त अक्षर आणि कोपऱ्यात त्याचे गुण. काना, मात्रा, वेलांटी ज्याची त्याने आपल्या सोयीने लावायची. सात सात ठोकळे समोरच्या लाकडी घोडीवर उभे करायचे, चौकोनी घरं आखलेल्या फळ्यावर आधीच्या शब्दाला जोडून आपला शब्द मांडायचा आणि पिशवीतून नवे घेत जायचं. काही घरांना दुप्पट-तिप्पट गुण.

डावाची सुरुवात नेहमी मास्तरांची असे. मध्यही मास्तरांचाच असे. ते आपले मोठमोठे शब्द मांडत, त्यांचे अर्थ सांगत, आणि काका "वा वा" म्हणत चार गुणांचं 'नळ' नाहीतर 'पगार' मांडत. पण पिशवीतले ठोकळे संपत आले की चित्र पालटायचं. कारण फळ्यावर काय आहे ते दिसतंय, आपल्याकडे काय आहे ते ठाऊक आहे. मग जे उरलं ते समोरच्याकडे. साठा वजा जावक बरोबर शिल्लक. मास्तरांच्या घोडीवर काय आहे ते काकांना पाठीमागून दिसावं तसं दिसे, आणि मग ते एकेक दार बंद करत जात. 'ठ' लावायची जागा अडव, 'ळ'ची जागा अडव. शेवटी मास्तर दहा गुणांचा 'ढ' हातात धरून बसत आणि काका शेवटचा ठोकळा ठेवून मोकळे होत. ज्याचे ठोकळे आधी संपतील त्याला समोरच्याच्या उरलेल्या गुणांची दुप्पट, असा नियम. मास्तर चिडून म्हणत, "तू शब्द खेळतच नाहीस रे. तू माल तपासतोस!"

तर अशा माणसाने महिन्यापूर्वी दूध गॅसवर ठेवलं आणि तो खाली पेपर आणायला गेला. दार मागे लागलं. किल्ली आत. कुलूपवाला येईपर्यंत पातेलं कोळसा झालं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी किल्ल्या हरवल्या, त्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या खाचेत सापडल्या. खाच दिसली की वस्तू बसवायची, ही डेपोची सवय. पण लेकीला हे कोण समजावणार? ती दवाखान्यात परिचारिका. भाजलेली, पडलेली, गॅस उघडा राहिलेली म्हातारी माणसं ती रोज बघायची. तिने फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, पुरे झालं. आता आमच्याकडे यायचं."

"मला काय धाड भरलीय?"

"तुमच्या लक्षात राहत नाही."

हा घाव मात्र वर्मी बसला. "माझ्या? माझ्या लक्षात राहत नाही? अगं, ऐंशी ठोकळ्यांतला एकेक मला तोंडपाठ असतो!"

आणि बोलता बोलता पैज लागली. रविवारी डाव मांडायचा. पिशवी रिकामी झाली की थांबायचं, आणि मास्तरांच्या घोडीवर नेमके कोणते ठोकळे आहेत ते काकांनी न बघता सांगायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. सगळे बरोबर आले तर काका इथेच राहणार आणि लेक पुन्हा विषय काढणार नाही. एक जरी चुकला, तर त्याच दिवशी बॅग भरायची. त्या रात्री त्यांना झोप लागेना, कारण मनातल्या मनात त्यांनाही वाटत होतं, पोरगी खरं बोलत असली तर? म्हणून तो कागद. बेत असा होता की डावात अधूनमधून चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचं आणि गुपचूप खुणा करून यायचं.

साडेदहाला बेल वाजली. दारात रुमालाने घाम पुसत लेक, तिच्यामागे जावई, आणि जावयाच्या हातात एक मोठी रिकामी बॅग.

"ही कशाला?" काकांनी विचारलं.

"असू दे," लेक म्हणाली. "आणि हे बघा, मी थर्मास भरून चहा आणलाय. आज तुम्ही गॅसला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

झालं! कागद सापडता तरी काही उपयोग नव्हता. चहाच्या निमित्तावरच थर्मासचं झाकण बसलं. काकांनी कपाळाला हात लावला, आणि लेकीने विचारलं, "डोकं दुखतंय का? चक्कर येतेय?"

"नाही गं बाई!"

मास्तर आले, तेही घाम पुसत. लेक पंच. तिने पिशवी टेबलावर ओतली, सगळ्यांसमोर ठोकळे मोजले, "ऐंशी" म्हणाली आणि पिशवीत भरले. जावई गुण लिहायला. ते मोटार चालवायला शिकवत असत. त्यामुळे शेजारच्या माणसाला न बोलता हाताने इशारे करायची त्यांना दांडगी सवय. ती सवय आज काय गोंधळ घालणार होती, याची कुणाला कल्पना नव्हती.

डाव सुरू झाला. मास्तरांनी पहिल्याच खेळीला 'नवलाई' मांडलं, पण अर्थ सांगितला नाही. दर वेळी ते अर्थ सांगतात. आज ते सारखे काकांकडे काळजीने बघत होते. काकांनी 'वजन' मांडलं आणि मनातल्या कोठारात नोंद केली. न दोन गेले, व सामाईक म्हणून एकच, ल एक, ई एक, ज एक. कागदाशिवाय. सुरुवातीला बरं चाललं. पाचव्या खेळीला 'फणस' झाला, आठव्याला 'झरोका', आणि काकांच्या लक्षात आलं की डोक्यातली फडताळं आपोआप उघडताहेत आणि बंद होताहेत. कागदाची आठवणही येईना. त्यांचा चेहरा उजळला. आणि तेव्हाच त्यांना जावई दिसले.

जावई कपात चहा ओतायचं निमित्त करून मास्तरांच्या मागे उभे होते. मास्तरांच्या घोडीवर एक नजर टाकून त्यांनी काकांकडे बघितलं, भुवया उंच केल्या आणि छातीशी तीन बोटं धरली. मग दोन.

काका चक्रावले. तीन आणि दोन? पाच? पाच काय?

जावयांनी मान हलवली. पुन्हा तीन, मग दोन. मग पाच, मग चार. वर्णमालेतली ओळ कितवी आणि अक्षर कितवं, हे ते सांगत होते; अख्खी रात्र जागून त्यांनी ही युक्ती काढली होती. ती काकांना आधी सांगायला मात्र ते विसरले होते. आणि काकांचा स्वभाव असा, की समोर काहीही मोजण्यासारखं आलं की ते मोजलंच जायचं. तीन, दोन, पाच, चार, चौदा! तिकडे बोटं चौदा झाली आणि इकडे 'त' किती गेले त्याचा पत्ताच लागेना.

"जावईबापू," ते कळवळून म्हणाले, "बसा की हो खाली! पाय दुखतील."

"नाही बाबा, मी बरा आहे," जावई म्हणाले आणि डोळा मारला.

काकांनी डोळे मिटून पहिल्यापासून उजळणी केली. 'त' सापडले. पण एक भीती मनात घर करून बसली ती बसलीच. त्यानंतर त्यांनी जावयाकडे बघायचंच नाही असं ठरवलं. फळ्याकडे बघायचं, मास्तरांकडे बघायचं, नाहीतर लेकीकडे. मास्तरांचं आज काहीतरी बिनसलं होतं. त्यांनी एकदा चष्मा शोधायला खिशातली डबी काढली, उघडली, बंद केली आणि पुन्हा खिशात घातली. लेक रुमालाशी चाळा करत बसली होती. दारापाशी ती रिकामी बॅग आ वासून उभी होती.

दीडच्या सुमारास काकांनी पिशवीत हात घातला आणि शेवटचा ठोकळा बाहेर आला. मास्तरांनी 'मत' एवढा तीन गुणांचा शब्द मांडला आणि नवा ठोकळा घ्यायला हात पुढे केला, तर पिशवी रिकामी. काकांनी आणखी एक शब्द मांडला, मास्तरांनी एक मांडला. आता काकांकडे पाच ठोकळे, मास्तरांकडे चार.

"थांबा," लेक म्हणाली. "बाबा, सांगा आता."

काकांनी डोळे मिटले आणि कोठारात शिरले. शिल्लक काय? र एक. म एक. त एक. ठ. ळ. आणि ढ. त्यांनी पुन्हा मोजलं. र, म, त, ठ, ळ, ढ. सहा.

समोर घोडीवर चार.

सहा कसे? म्हणजे दोन ठोकळे डोळ्यांसमोरून गेले आणि त्यांची नोंदच झाली नाही. कधी? बोटं मोजताना? की त्याच्याही आधी? दुधाचं पातेलं असंच डोळ्यांसमोर होतं ना? किल्ल्याही हातातच होत्या. काकांना एकदम ही खोली परकी वाटली. भिंतीवरचं घड्याळ, खिडकीतली कुंडी, रेडिओ, हे सगळं इथेच राहणार आणि आपण त्या बॅगेतून जाणार. पोरगी बरोबर होती. त्यांचे डोळे भरून आले. "पोरी," ते म्हणाले, "मला वाटतं..."

"वेळ घे की!" मास्तर जवळजवळ ओरडले. "घाई काय आहे? आठव नीट!"

"बाबा, मी..." लेक काहीतरी बोलणार होती, पण थांबली.

आणि तेव्हा काकांना डेपोतले त्यांचे पहिले साहेब आठवले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वहीत बारा आरसे आणि कपाटात दहाच निघाले, तेव्हा नवखे काका रडकुंडीला येऊन म्हणाले होते, "साहेब, माझीच चूक." साहेब म्हणाले होते, "चूक नंतर कबूल कर. आधी माल मोज."

काकांनी डोळे उघडले. मनातली यादी बाजूला ठेवली आणि बोट पुढे करून फळ्यावरचे ठोकळे मोजायला लागले. एक, दोन, तीन... सगळे श्वास रोखून बघत होते.

"एकोणसत्तर," ते म्हणाले. पुन्हा मोजले. "एकोणसत्तरच. माझे पाच, चौऱ्याहत्तर. मास्तरांचे चार, अठ्ठ्याहत्तर." त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. धाग्याचा एक गुंता पडला. "ऐंशीतले दोन नग कमी आहेत."

जावई जागच्या जागी गोठले. मास्तरांचा हात खिशाकडे गेला. लेकीने रुमाल मुठीत घेतला.

आणि काकांना हसू फुटलं. पोटातून आलेलं, मोकळं हसू. यादी बरोबर होती! डोकं जागेवर होतं, ठोकळेच जागेवर नव्हते! त्यांनी खुर्ची मागे सरकवली, एक पाय दुसऱ्यावर टाकला, आणि एकतीस वर्षांचा स्टोअरकीपर जागा झाला.

"मास्तर," ते म्हणाले, "'फणस'मधल्या 'फ'च्या खालचं घर बघा. तिप्पट गुणांचं आहे. डावभर उघडं होतं, आणि मी मुद्दाम अडवलं नाही. तिथे 'ळ' ठेवला की 'फळ' होतं, आठाचे चोवीस. दोनदा तुमची नजर तिथे गेली, दोनदा तुम्ही सुस्कारा सोडलात, आणि मांडलंत काय, तर तीन गुणांचं 'मत'. तुम्ही हातात 'ळ' असताना फळ सोडाल? जेवण सोडाल एखादवेळी. म्हणजे तुमच्याकडे 'ळ' नाही. माझ्याकडे नाही, फळ्यावर नाही. मग गेला कुठे?"

जावयांनी वाकून टेबलाखाली बघितलं.

"ते राहू दे. आता दुसरा. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही चष्मा शोधायला डबी काढलीत. डबी उघडलीत, मिटलीत. चष्मा तुमच्या नाकावर होता, मास्तर."

मास्तरांनी नाकावरच्या चष्म्याला हात लावून बघितला.

"नाकावरचा चष्मा डबीत शोधणारा माणूस काढत नसतो काही, ठेवत असतो. आणि तुम्ही काय ठेवाल? ज्याला फळ्यावर कुठेच दार नाही, आणि जो घोडीवर आला की तुमच्या हाताला कंप सुटतो, तो. आयुष्यभर एकाही पोराला तुम्ही 'ढ' म्हटलं नाहीत. काढा तो बाहेर."

मास्तरांनी निमूटपणे डबी काढली. आतून 'ढ' बाहेर आला. "अरे, तुझ्यासाठीच केलं रे," ते पुटपुटले. "म्हटलं, जितके ठोकळे कमी, तितके तुला ओळखायला सोपे. तू गेलास तर रविवारी मी कुणाशी खेळू? माझ्या मोठ्या शब्दांना 'वा वा' कोण म्हणणार?"

"करायला गेलात एक आणि झालं भलतंच. तर घोडीवर राहिले र, म, त आणि ठ. पोरी, बघून घे."

लेक उठली, घोडी फिरवली. र, म, त, ठ. ती तिथेच उभी राहिली.

"राहिला 'ळ'," काका हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या रुमालाच्या टोकाला गाठ आहे. आल्या आल्या तू घाम पुसलास तेव्हा ती नव्हती; ठोकळे पिशवीत भरल्यानंतर आली. तुझ्या आईचीही हीच सवय. मनाला पटत नसलेलं काही करायचं असलं, की रुमालाला गाठ."

लेकीने गाठ सोडली. 'ळ' टेबलावर पडला आणि तिचे डोळे वाहू लागले.

"मला वाटलं, तुम्ही चुकाल," ती म्हणाली. "म्हणजे भांडण न होता याल. बाबा, संध्याकाळी तुम्ही फोन उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. चार घंटा वाजल्या तरी मला सगळं काय काय दिसायला लागतं. पण मघाशी तुम्ही ज्या चेहऱ्याने 'पोरी' म्हणालात ना... मी सांगणारच होते. शप्पथ."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण पंचाईत अशी होती, की विजय हातात असताना माणसाला भाषणाचा मोह आवरत नाही. ते उभे राहिले.

"मला दुःख एवढंच होतं," ते म्हणाले, "की माझ्याच माणसांनी लबाडी करावी! एकाने डबी वापरली, एकीने रुमाल. आणि जावईबापू, तुमच्या त्या बोटांचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण तो सरळ नव्हता एवढं नक्की."

"ठ होता, बाबा," जावई खाली मान घालून म्हणाले. "तिसरी ओळ, दुसरं अक्षर."

"एकतीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. एक वायसर इकडचा तिकडे झाला नाही. सचोटी म्हणजे काय, ते माझ्याकडून शिका! माणसाने स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवावा. लपवालपवी, आडवाटा, चोरट्या युक्त्या..." इथे ते किंचित अडखळले, पण आवाज खाली आला नाही, "...या माझ्या घरात चालणार नाहीत!"

"बरोबर आहे तुमचं," लेक नाक पुसत म्हणाली. "थर्मास संपलाय. मी ताजा चहा टाकते."

ती आत गेली. जावयांनी गुणांची बेरीज केली. 'ढ' मास्तरांच्या नावावर धरायचा की नाही यावर वाद सुरू झाला. "तो घोडीवर नव्हता!" मास्तर टेबलावर मूठ आपटत म्हणाले. "डबीतल्या ठोकळ्याचे गुण कापायचे असा नियम कुठे लिहिलाय, दाखव!" काका म्हणाले, "आवारातला माल तो स्टोअरचाच माल." शेवटी काका दोन गुणांनी जिंकले, असं काकांनी जाहीर केलं आणि मास्तरांनी अमान्य केलं. इतके दोघे खूश महिन्याभरात झाले नव्हते.

चहाला मात्र फार वेळ लागत होता. आतून डबा उघडल्याचा आवाज आला होता, त्यानंतर काहीच नाही. गॅस पेटल्याचाही नाही. काकांनी दोनदा मान वळवून पाहिलं. मग गॅस पेटला, पाणी उकळलं, आणि लेक चार कप घेऊन बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते काकांना कळेना. रडून लाल झालेले डोळे आणि ओठ मात्र घट्ट दाबून धरलेले, हसू फुटू नये म्हणून दाबतात तसे.

तिने काकांसमोर कप ठेवला. बशीखाली घडी घातलेला कागद होता.

रेघा बघताच काकांनी तो ओळखला. ते पांढरेफटक पडले. "हा... हा कुठे होता?"

"चहाच्या डब्याच्या झाकणात. आतून चिकटपट्टीने चिकटवलेला."

सकाळीच त्यांनी तो डबा उघडला होता! झाकण रोजच्यासारखं ओट्यावर पालथं ठेवलं होतं, रोजच्यासारखं परत लावलं होतं. सचोटीवरचं सगळं भाषण त्यांना शब्दन्‌शब्द आठवलं. नेमकं तेव्हा स्मरणशक्तीने दगा दिला नाही. मास्तर मान लांब करून कागद वाचू लागले. "अरे लबाडा! म्हणजे तूसुद्धा?"

"मास्तर, चहा घ्या, गार होईल," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"उलटा करा कागद," लेक म्हणाली.

"आधी खुणांचा रकाना बघा," जावई म्हणाले. ते काकांच्या खांद्यावरून वाचत होते. "कोराच आहे. एकही खूण नाही."

"म्हणूनच म्हणते, उलटा करा."

काकांनी कागद उलटा केला. लहानपणी सुट्टीत ती डेपोत यायची, स्टुलावर बसून काकांच्या शेजारी खोटी खोटी मोजदाद करायची. शेवटचा शेरा कसा लिहायचा हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तसाच, तारीख घालून, खाली सही करून, तिने लिहिलं होतं:

'मोजदाद झाली. नग ऐंशी, पैकी ऐंशी. साठा आहे त्या जागी ठेवावा.'

काकांनी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. मास्तरांनी उगाचच 'ढ' उचलून पिशवीत टाकला.

"गॅसजवळ एक पाटी मात्र लावीन मी," लेक म्हणाली. "बाहेर पडताना गॅस, नळ, किल्ली. तीन नग. मोजल्याशिवाय दार ओढायचं नाही."

"तीनच?" काका नाक पुसत म्हणाले. "ऐंशी सांभाळतो मी, तीन काय घेऊन बसलीस!"

"आणि एक किल्ली माझ्याकडे राहील."

"राहू दे." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि पुढच्या रविवारी फळा घेऊन मीच तुमच्याकडे येतो. मास्तरांनाही आणतो. दोन दिवस राहीन. दोनच! बॅग ठेवून जा ती."

जावयांनी दारातली बॅग उचलून पलंगाखाली सरकवली, कानटोपीशेजारी. काकांनी कागदाची काळजीपूर्वक घडी घातली. असा शेरा उभ्या नोकरीत त्यांना कुणी दिला नव्हता. तो जपून ठेवायलाच हवा होता. त्यांनी रेडिओकडे पाहिलं. मग कपाटाकडे. मग उशीकडे, आणि शेवटी, जरा आशेने, फ्रिजकडे.

मग त्यांनी हात लांब करून कागद लेकीपुढे धरला.

"तूच ठेव," ते म्हणाले. "माझ्याकडे सापडायचा नाही."

लेकीने तो रुमालात घेतला आणि टोकाला घट्ट गाठ मारली.